बंदूक, गाव आणि पोलीस ठाणं



आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून तुमच्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल. बंदुकीचा हिंसाचार आणि तो रत्नागिरीत? हा विषय शिकागोचा, मुंबईच्या टोळ्यांचा, फार तर गडचिरोलीचा. आपल्याकडे भांडणं होतात ती बांधावरून, आणि ती कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या चालतात. गोळी कोण घालतो? शंका रास्त आहे, आणि तिचा अर्धा भाग खराही आहे. हा जिल्हा बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी प्रसिद्ध नाही. पण बंदूक इथे नाही असं मात्र कुणी म्हणू नये. संगमेश्वर, लांजा, राजापूर, चिपळूणच्या वाड्यावाड्यांत ती आहे: काडतुसाची आहे, ठासणीची आहे, परवान्याची आहे आणि बिनपरवान्याचीही आहे. शेतात ती रानडुकरांसाठी लागते, बागेत केल्डी आणि वांदरांसाठी. शिवाय आपल्याला एक लांबलचक किनारा आहे. बंदुका समुद्रातूनही येतात, हे कोकणाला 1993 नंतर कुणी समजावून सांगायला नको.

आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. पोलीस आणि लोक यांनी हातात हात घालून काम करावं, असं सगळेच म्हणतात. पोलीस म्हणतात, पुढारी म्हणतात, शाळेतल्या निबंधातही ते असतं. तरीही ते होत का नाही? माझ्या मते, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून होत नाही. गाव पोलिसांना माहिती देतं तेव्हा ते काहीतरी पणाला लावतं. कधी शेजार, कधी भावकी, कधी पीक, आणि काही ठिकाणी जीव. त्याच्या बदल्यात ठाण्याकडून गावाला काय मिळतं? या प्रश्नाचं उत्तर जिथे होतं तिथे बंदुका बाहेर आल्या किंवा गप्प राहिल्या. जिथे ते नव्हतं तिथे समित्या कागदावर राहिल्या.

आधी आपल्या घरातली बंदूक पाहू. 1878 साली व्हाइसरॉय लिटनच्या सरकारनं शस्त्रांचा कायदा केला आणि देशी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलं, युरोपियनांना मात्र सूट दिली. हा अपमान त्या काळच्या राजकारणात खोल रुतला होता. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्या कायद्याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला, आणि त्यानं शेतकऱ्याची आठवण ठेवली. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा आणि ठासणीची पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येईल, असं त्याचं 13 वं कलम सांगतं. अर्जावर नजीकच्या ठाण्याचा अहवाल मागवायचा, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे शेतकरी, बंदूक आणि पोलीस ठाणं यांचं नातं कायद्यानंच जोडून दिलं आहे. शेतसंरक्षणाची बंदूक म्हणतात ती ही.

प्रत्यक्षात या नात्यात ठाणं गावाला कधी भेटतं? परवान्याच्या अहवालाला, नूतनीकरणाला आणि निवडणुकीला. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. कोणाचं शस्त्र जमा करायचं आणि कोणाचं नाही, हे छाननी समितीनं माणूस पाहून ठरवावं, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. पण शेतकऱ्याला त्या काळात दिसते ती ठाण्यातली रांग आणि हातात पडणारी पावती. 2024 साल आठवा. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि जूनपर्यंत राहिली. हा आंबा-काजूचा ऐन हंगाम. विधानसभेची लागली 15 ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं असताना. बागायतदाराला ज्या दोन वेळी बंदूक हवी, नेमक्या त्याच दोन वेळी ती जमा करण्याचा हुकूम निघाला. शांततेत निवडणूक व्हावी हे कुणाला नको आहे? पण त्या महिन्यांत पीक कोणी राखायचं, याचा विचार कोणत्या कचेरीत झाला? पोलीस म्हणणार, तो वनखात्याचा विषय. वनखातं म्हणणार, अर्ज करा, पंचनामा होईल.

दुसरी विसंगती याहून जास्त घातक आहे. पीक राखण्यासाठी बंदूक दिली, पण ती प्राण्यावर चालवण्याची मुभा त्या परवान्यात येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक झालेलं जनावर मारायचं तर त्याची वेगळी, लेखी परवानगी लागते. रात्री दोन वाजता भातात डुकरांचा कळप शिरतो तेव्हा लेखी परवानगी कुठून आणायची? मग माणसं गुपचूप जातात, डोक्याला बॅटरी बांधून, चार-पाच जण मिळून. पीक राखायला निघालेले कधी आणि पारधीला निघालेले कधी, याची सीमारेषा पुसट होते. अंधारात झुडूप हललं म्हणून चाप ओढला आणि समोर सोबतीच निघाला, अशा बातम्या कोकणातल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. अशा वेळी सगळा जमावच कायद्याच्या कचाट्यात असतो. जखमीला तडक दवाखान्यात न्यायचं की आधी बंदूक लपवायची, हा विचार माणसं तिथे करतात. छऱ्यांनी झालेल्या जखमेत रक्त वाहत असताना तेवढा वेळ फार मोठा असतो. आपल्याकडच्या बंदुकीच्या हिंसेचा चेहरा हा असा आहे. त्यात वैर नाही, टोळी नाही. ठाण्याची भीती मात्र आहे, आणि त्या भीतीचीही किंमत जिवानं मोजली जाते.

बिनपरवान्याच्या बंदुकांचं काय? त्यातल्या कित्येक गुन्हेगारांच्या नाहीतच. आजोबांच्या नावावर परवाना होता, आजोबा गेले, मुलगा मुंबईला गिरणीत, नातू ठाण्याला नोकरीत, बंदूक माळ्यावर. परवाना माणसाबरोबर संपला, बंदूक संपली नाही. वारसाच्या नावे परवाना करून घेण्याची सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे, पण त्यासाठी चाकरमान्यानं किती रजा खर्च करायच्या? शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षांपर्यंत गेली. शिक्षा वाढली हे ठीक. पण त्या वाढलेल्या शिक्षेमुळे हा नातू बंदूक ठाण्यात नेऊन देईल, की माळ्यावर आणखी आत सरकवेल?

ठाणं गावाला आधी काही देतं तेव्हा काय होतं, ते पाहायला इथून जरा लांब जाऊ, भिवंडीला. यंत्रमागांचं हे शहर 1970 साली आणि पुन्हा 1984 साली दंगलीत होरपळलं. 1970 च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं केली. 1988 मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या; दंगलीचा वास आला की त्याच त्या पुढाऱ्यांना बोलवायचं, चहा पाजायचा आणि फोटो काढायचा, हे त्यांचं काम. खोपड्यांनी मोहल्ला समित्या वर्षभर चालवल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी सामान्य माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. आणि तिथे बोलायचं काय? नळाचं भांडण, गटाराचं भांडण, पोरापोरांची मारामारी. दंगल या शब्दाशी संबंध नसलेले प्रश्न पोलीस सोडवत राहिले. बाबरी मशीद पडल्यावर मुंबई पेटली, आणि मुंबईच्या शेजारची, दोनदा जळालेली भिवंडी शांत राहिली.

त्याच वेळी मुंबईत काय झालं, ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातल्या आकड्यांत पाहा. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये 900 माणसं मेली. पोलिसांच्या गोळीबारात किती? 356. खासगी माणसांच्या गोळीबारात किती? 22. हे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवतो. बंदुकीच्या हिंसेबद्दल बोलताना आपण नेहमी गुंडाच्या हातातला कट्टा डोळ्यांपुढे आणतो. पण जिथे पोलीस आणि वस्ती यांच्यातलं बोलणं तुटतं तिथे सर्वांत जास्त गोळ्या सरकारी बंदुकीतून सुटतात. पोलिसांचा दोष किती आणि प्रसंगच कसा होता, हा वाद वेगळा. आयोगानं त्याची चिकित्सा केली आहे. माझं म्हणणं एवढंच, की लोकांशी नातं हे पोलिसांच्या बंदुकीवरचंही बंधन असतं. मुंबईनं हा धडा उशिरा का होईना घेतला. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकारानं दंगलीनंतर तिथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या.

पण भिवंडीची गोष्ट इथेच थांबवली तर ती परीकथा होईल. जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव भडकला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. भांडण कशावरून? पोलीस ठाण्याच्या इमारतीवरून! अठरा वर्षांपूर्वी नळाच्या भांडणासाठी वस्तीत बसणारे पोलीस आता स्वतःच्या इमारतीचा प्रश्नही वस्तीबरोबर बसून सोडवू शकले नाहीत. अमेरिकेत बोस्टन शहराचा अनुभव असाच आहे. 1996 मध्ये तिथे पोलीस, चर्चमधले धर्मगुरू आणि रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते यांनी मिळून टोळ्यांतल्या मोजक्या तरुणांना समोर बसवलं. गोळी चालली तर सगळ्या टोळीवर कारवाई होईल, आणि बाहेर पडायचं असेल तर काम आणि मदत मिळेल, असं दोन्ही एकाच बैठकीत सांगितलं. अभ्यासकांनी मोजलं तेव्हा तरुणांचे खून सुमारे 63 टक्क्यांनी घटलेले होते. 2000 नंतर माणसं बदलली, बैठका थांबल्या, आणि खून पुन्हा वाढले. भागीदारी विहिरीसारखी असते; गाळ काढत राहिलं नाही तर बांधलेली विहीरही आटते. एका चांगल्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाणाऱ्या योजनेला मी योजना म्हणत नाही.

आता गडचिरोली. 26 ऑगस्ट 1982 ला हा जिल्हा झाला, त्याच्या थोडं आधीच नक्षलवादी तिथल्या जंगलात पोचले होते. 2003 मध्ये शासनानं गावबंदी योजना आणली: गावानं ठराव करून नक्षलवाद्यांना जेवण, निवारा, बैठक नाकारायची आणि त्या गावाला विकासाचा निधी मिळायचा. 2005 मध्ये आत्मसमर्पणाचं धोरण आलं. अलीकडच्या काळात दुर्गम पोलीस मदत केंद्रांवर ‘दादालोरा खिडकी’ सुरू झाली. तिथे जातीचा दाखला, आधार, शेतीच्या योजना, नोकरीचा अर्ज अशी कामं होतात. तहसीलला जाण्यात दोन दिवस घालवणाऱ्या माणसाला तीच कामं पोलीस करून देतात. ठाणं म्हणजे दाखला मिळण्याची जागा, असा त्या गावांचा अनुभव झाला. आणि मग काय झालं? गावकऱ्यांनी वाडवडलांपासून शिकारीला आणि शेतीला वापरलेल्या भरमार बंदुका आपण होऊन पोलिसांकडे जमा केल्या. ही भरमार म्हणजे आपलीच ठासणीची बंदूक. 1 जानेवारी 2025 ला नक्षलवादी नेत्या विमला सिडाम उर्फ तारक्का शरण आल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती यांनी 60 साथीदारांसह शस्त्रं ठेवली. हे सगळं दाखल्यांच्या खिडकीनं घडलं असं मी म्हणत नाही. 1990 पासूनच्या सी-60 या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाच्या लढाईचा त्यात मोठा वाटा आहे. पण गावानं पाठ फिरवली नसती तर चळवळीचं इतकं आतलं माणूस बंदूक ठेवायला आलं असतं का?

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. पोलिसांशी बोलल्याचा संशय एवढ्या कारणावरून गडचिरोलीत कित्येक आदिवासींचे खून झाले. खबऱ्या ठरवून मारलेल्या माणसाच्या घरच्यांना भागीदारीचं महत्त्व कोण सांगणार? हा आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो बळच देतो. एकेकट्या माणसाला गुपचूप गाठून माहिती काढणं ही भागीदारी नव्हे. त्यात सगळा धोका त्या एका माणसाच्या गळ्यात आणि सगळा फायदा ठाण्याचा. ग्रामसभेचा ठराव, उघड्यावर जमा केलेली बंदूक, सगळ्यांदेखत उघडी असलेली खिडकी यांत धोका वाटला जातो. गावबंदीच्या ठरावांनंतरही काही गावांना त्रास झाला, हे खरं. म्हणून ठराव करून घेणाऱ्या शासनानं त्या गावाच्या संरक्षणाची जबाबदारी नंतर झटकता कामा नये.

आता आपला किनारा. 1993 च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकं उतरली, आणि 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. माल रात्री उतरला तरी तो ट्रकमध्ये चढवायला माणसं लागली, रस्त्यानं न्यायला लागली, आणि डोळेझाक करायला सरकारी अधिकारीही लागले. काहींना पुढे शिक्षा झाली. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत बधवार पार्कच्या कोळीवाड्यात दहा दहशतवादी रबरी होडीतून उतरले, तेव्हा मच्छीमारांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. डोळे होते, त्या डोळ्यांना ठाण्यापर्यंत पोचणारी वाट नव्हती. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी, सागर रक्षक दलं यांवर भर आला. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-47 सापडल्या. पुढे ती दहशतवादाची भानगड नसल्याचं निघालं, ते सोडा. किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं काही दिसलं की ते आता ठाण्यापर्यंत पोचतं, हे महत्त्वाचं.

पण रत्नागिरीच्या किनाऱ्याला आणखी एक आठवण आहे. 18 एप्रिल 2011 ला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक जण ठार झाला. मच्छीमारांचं ते गाव. एप्रिल 2023 मध्ये बारसूला रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी लोकांनी अश्रुधूर आणि लाठ्या पाहिल्या. प्रकल्प हवा की नको, हे आजच्या व्याख्यानाचं काम नाही. माझा प्रश्न असा: ज्या गावात पोलिसांची गोळी लागून माणूस गेला, त्याच गावातल्या नौकामालकाला तुम्ही सागर रक्षक दलाचं ओळखपत्र देणार आणि समुद्रात अनोळखी होडी दिसली तर कळव म्हणणार. तो कळवील? कळवील, देशाचा प्रश्न आला तर कोकणी माणूस मागे राहणार नाही, असं आपण अभिमानानं म्हणतो. मी तेवढ्यावर विसंबणार नाही. 2011 च्या त्या दिवसाबद्दल गावाशी मोकळं बोलणं झालेलं नसेल तर त्या ओळखपत्राला फारसा अर्थ नाही.

‘समित्या कशाला? आपल्याकडे पोलीस पाटील आहेच,’ असंही कोणी म्हणेल. आहे, 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानं आहे. 15 ऑगस्ट 2007 पासून आर. आर. पाटलांच्या पुढाकारानं तंटामुक्त गाव समित्याही आल्या, आणि कित्येक गावांनी बक्षिसं मिळवली. पण समितीत कोण बसतं? मानकरी, माजी सरपंच, पक्षाचा कार्यकर्ता. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली की बौद्धवाडी आणि मोहल्ला आपोआप बाहेर राहतात, आणि बायका स्वयंपाकघरात. अशी समिती पोलिसांची भागीदार झाली तर बळकटांच्या हातात आणखी एक काठी येते. म्हणून बैठक शाळेत घ्या, वाडीवार घ्या, आणि ज्या घरात बंदूक आहे त्या घरच्या बाईला बोलवा. बंदूक भिंतीवर असते की माळ्यावर, भरून ठेवली जाते की रिकामी, दारू प्यायल्यावर कोण हात घालतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुसरा आक्षेप कायद्याच्या बाजूनं येईल. बिनपरवान्याची बंदूक आणून दिल्यावर सोडून दिलं तर कायद्याची जरब राहील का? शस्त्र कायद्याचं 39 वं कलम पाहा. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल खटला भरायचा तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे तारतम्य ठेवायची जागा कायद्यानंच ठेवली आहे. ज्या बंदुकीनं गुन्हा झाला तिला माफी नको, गावठी कट्टे बनवणाऱ्याला तर मुळीच नको. पण आजोबांची ठासणी ठरावीक मुदतीत ग्रामसभेसमोर आणून देणाऱ्यावर खटला भरून समाजाचं काय भलं होणार आहे? उलट वारसाचा परवाना हवा असेल त्याचा अर्ज तिथेच भरून घेतला, नको असेल त्याची बंदूक पावती देऊन जमा केली, तर जिल्ह्यात किती बंदुका आहेत हे पोलिसांना प्रथमच खरं कळेल. शेजारच्या कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना ब्रिटिश काळापासून परवान्याची सूट आहे. तशी सूट मी इथे मागत नाही. पण बंदूक घरात असणाऱ्या समाजाकडे गुन्हेगार म्हणून पाहण्यापलीकडे राज्य काही करू शकतं, एवढं त्यावरून दिसतं.

आणि बदल्यात काय, हा माझा पहिला प्रश्न. पोलिसांनी गावाला द्यायचं काय? निवडणूक जाहीर होण्याआधीच, हंगाम पाहून, शेतसंरक्षणाच्या परवानाधारकांची वाडीवार छाननी करावी. ज्याच्यावर गुन्हा नाही त्याची बंदूक जमा करून घेऊ नये, आणि घेतलीच तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती परत मिळावी. वनरक्षक, कृषी सहायक आणि बीट अंमलदार एकाच बैठकीत एकाच टेबलाशी बसावेत, म्हणजे ‘तो आमचा विषय नाही’ हे वाक्य बोलता येणार नाही. डुकरांच्या बंदोबस्ताची परवानगी आणि नुकसानीचा पंचनामा तिथेच सुरू व्हावा. रात्री गोळी लागली तर जखमीला आणणाऱ्याला आधी अटक होणार नाही, आधी रुग्णवाहिका येईल, असा लेखी शब्द पोलीस अधीक्षकांनी द्यावा. यातलं सगळं नवा कायदा न करता होण्यासारखं आहे.

अशी पहिली बैठक कुठे तरी झाली, तर तिच्या विषयपत्रिकेत बंदूक तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवावी, असं मी सुचवीन. आधी निरीक्षकांनी उभं राहून गेल्या वर्षात त्या वाडीतून आलेल्या तक्रारी वाचाव्यात, आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं ते सांगावं. चोरी असो, बांध असो, केल्डींनी फोडलेली कौलं असोत. त्या यादीत साखरी नाट्यासारख्या गावाची जुनी तक्रार असेल तर तीही वाचावी. त्यानंतर गावानं बोलावं.